गाभण पाकट आणि टाकीतले पाणी

आमच्याकडे रोज दूध घालणारे काका एका महिनाअखेरीस हिशेबासाठी आत आले आणि बैठकीतल्या काचेच्या टाकीपाशी थबकले. तळाच्या वाळूवर जेवणाच्या ताटापेक्षा मोठी, तपकिरी रंगाची आणि पाठभर नारिंगी ठिपक्यांची पाकट माशाची मादी पसरली होती. काकांनी गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून तिच्या शेपटीच्या बुंध्याकडे पाहिले आणि म्हणाले, "सर, ही गाभण हाय की. पुठ्ठ्याकडनं भरलीया बघा." तीन आठवडे मी ज्या फुगवट्याकडे शंकेने पाहत होतो, त्याचा निकाल आयुष्यभर म्हशी सांभाळलेल्या माणसाने अर्ध्या मिनिटात लावला. त्यानंतर त्यांचा पहिला प्रश्न असा होता, की मासा अंडी घालतो, मग हा गाभण कसा राहिला? सांगलीत हा छंद असणाऱ्यांची संख्या थोडी आहे. परंतु ज्यांच्या घरी या माशांची जोडी आहे, त्यांनाही या प्रश्नाचे उत्तर पुरते ठाऊक असतेच असे नाही, आणि गाभण मादीच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुका त्या उत्तराशीच येऊन थांबतात.

कोकणात ज्याला पाकट किंवा वागळी म्हणतात, त्याच चपट्या माशाचे हे नदीतले भाऊबंद. इंग्रजी नावाने त्यांना स्टिंगरे म्हणतात आणि दुकानदारही तेच नाव वापरतात. शार्कप्रमाणे यांच्या अंगात हाडे नसतात. सगळा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानाच्या वरच्या भागात असते तशा लवचिक पदार्थाचा असतो. घरगुती टाक्यांत दिसणारे गोड्या पाण्यातील पाकट जवळजवळ सगळे दक्षिण अमेरिकेतील पोटामोट्रायगॉनिडी या कुळातले असून ॲमेझॉन, ओरिनोको, पराना अशा नद्यांच्या खोऱ्यांत त्यांचे मूळ घर आहे. आमच्याकडची मोटोरो ही त्यातली सर्वांत परिचित जात, जिचे शास्त्रीय वर्णन म्युलर आणि हेन्ले यांनी १८४१ मध्ये केले. काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेली आणि 'ब्लॅक डायमंड' या नावाने विकली जाणारी लिओपोल्डी ही जात मात्र ब्राझीलमधील शिंगू नदीच्या खोऱ्याबाहेर निसर्गात कोठेही आढळत नाही.

या कुळाचे पूर्वज समुद्रातून आले. समुद्रातले पाकट आणि शार्क आपल्या रक्तात मुद्दाम युरिया साठवून ठेवतात, कारण त्यामुळे बाहेरच्या खाऱ्या पाण्याशी शरीराचा तोल राखला जातो. नदीत स्थिरावलेल्या या कुळाने ती सोयच टाकून दिली. त्यांच्या रक्तात युरिया अत्यल्प असतो, हे थॉमस थॉर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले. ही माहिती वरवर पाहता पुस्तकी वाटेल, पण टाकी सांभाळणाऱ्याच्या दृष्टीने ती अत्यंत व्यवहाराची आहे. युरिया साठवायचा नाही, म्हणजे मांसाहारातून तयार होणारा नत्राचा कचरा प्रामुख्याने अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे थेट पाण्यात सोडायचा. नदीत तो वाहून जातो. टाकीत तो जनावराच्या भोवतीच राहतो आणि पुन्हा त्याच कल्ल्यांना जाळतो. गाभण मादी नेहमीपेक्षा कितीतरी अधिक खाते, म्हणून नेमक्या ज्या काळात तिला स्वच्छ पाण्याची सर्वाधिक गरज असते, त्याच काळात ती पाणी सर्वाधिक वेगाने घाण करते. माझ्या मते गाभण पाकटाची काळजी घेणे म्हणजे नव्वद टक्के पाण्याची काळजी घेणे होय. उरलेली दहा टक्के काळजी म्हणजे आपले हात आवरणे.

आता गाभ राहतो कसा, ते पाहू. नर ओळखणे सोपे असते. त्याच्या शेपटीच्या बुंध्याशी, दोन्ही बाजूंच्या मागच्या परांना जोडून, बोटासारखे दोन अवयव असतात, ज्यांना क्लास्पर म्हणतात. लहान नरात ते मऊ आणि आखूड असतात. नर वयात आला की लांबतात, ताठ होतात आणि त्यांत कॅल्शियम भरते. टाकीत नर साधारण दीड-दोन वर्षांत तयार होतो, तर मादीला त्याहून वर्षभर तरी अधिक लागते. मादीत बाहेरून दिसणारी अशी कोणतीही खूण नसल्यामुळे तिच्या आकारावरूनच अंदाज करावा लागतो. येथेच पहिली घाई होते. नर वयात आला म्हणून त्याला कोवळ्या मादीबरोबर ठेवले, तर तो तिला सतत त्रास देतो, कारण या माशांचे मीलन सौम्य नसते. नर मादीच्या गोल अंगाची, म्हणजे छंदवाले ज्याला डिस्क म्हणतात तिची, कड दातांनी धरतो, तिच्या खाली सरकून पोटाला पोट लावतो आणि एक क्लास्पर आत घालतो. हा प्रकार काही सेकंदांत किंवा फार तर मिनिटभरात उरकतो. दुसऱ्या दिवशी मादीच्या कडेवर अर्धवर्तुळाकार चाव्यांचे पांढरट व्रण दिसतात. माझ्या वहीत तारखा मांडल्या जातात त्या या व्रणांवरूनच, कारण प्रत्यक्ष मीलन बहुधा रात्री दिवे मालवल्यानंतर होते आणि ते डोळ्यांनी पाहण्याचा योग क्वचितच येतो. पाणी स्वच्छ असेल तर असे व्रण आठवड्याभरात भरून येतात. भरून येत नसतील तर आधी पाणी तपासावे, औषधाच्या बाटलीकडे नंतर पाहावे.

गर्भधारणा मादीच्या पोटात होते आणि पिल्लेही पोटातच वाढतात. परंतु म्हशीच्या आणि पाकटाच्या गाभात एक मूलभूत फरक आहे. म्हशीच्या वासराला वारेतून, नाळेवाटे पोषण मिळते. पाकटाला वार नसते. सुरुवातीला गर्भ स्वतःबरोबर आणलेल्या पिवळ्या बलकावर जगतो, आणि तो बलक संपत आला की गर्भाशयाच्या आतल्या भिंतीवर दाट झालर उगवते. मखमलीसारख्या दिसणाऱ्या या तंतूंना ट्रोफोनेमाटा असे नाव आहे. त्यांतून प्रथिने आणि चरबी यांनी भरलेला दुधासारखा दाट स्राव पाझरतो आणि गर्भ तो तोंडावाटे आणि डोळ्यांमागच्या श्वासछिद्रांवाटे आत घेतात. दूधवाल्या काकांना मी हे असे सांगितले, की हिची कास आतल्या बाजूला आहे आणि पिल्ले जन्माच्या आधीच दूध पितात. त्यांना ते तत्काळ पटले. पुढचा प्रश्न त्यांनीच विचारला, "म्हणजे हिला आत्ताच पेंड वाढवाय पायजे?" आणि तो प्रश्न अगदी योग्य होता. म्हैस व्याल्यानंतर दुधावर येते. पाकट व्यायच्या आधी दुधावर असते. अंडे घालणाऱ्या माशात पिल्लासाठीची शिदोरी एकदाच बांधून दिलेली असते, म्हणून आईची नंतर उपासमार झाली तरी अंड्यातला बलक कमी होत नाही. पाकटाच्या आईला मात्र रोजच्या रोज ती शिदोरी पुरवावी लागते. आठवडाभर तिने खाणे सोडले, तर ते नुकसान थेट पिल्लांपर्यंत पोहोचते. आणि तिच्या स्वतःच्या अंगातील साठाही ओढला जातो.

गाभणकाळ टाकीत बहुधा अडीच ते तीन महिन्यांचा असतो. निसर्गात तो नदीच्या पाण्याच्या चढ-उताराशी जोडलेला असून कित्येकदा याहून लांब असतो. मीलनानंतर पाच-सहा आठवड्यांनी पाठीच्या मागच्या भागात, शेपटीच्या मुळाच्या दोन्ही अंगांना, उंचवटा दिसू लागतो. पोटभर जेवण झालेल्या मादीलाही फुगवटा येतो, मात्र तो अधिक पुढे आणि मध्यभागी असतो व दुसऱ्या दिवशी उतरतो. शंका असल्यास एक दिवस उपाशी ठेवण्याऐवजी सकाळी खाणे घालण्यापूर्वी, दर आठवड्याला, त्याच कोनातून छायाचित्र घ्यावे. महिन्याची चार छायाचित्रे शेजारी ठेवली की उत्तर मिळते. शेवटच्या तीन-चार आठवड्यांत पाठीवरची कातडी आतून ढकलल्यासारखी हलते. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले होते. मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयांत सोनोग्राफीनेही तपासणी करतात. मात्र आपल्याकडे केवळ कुतूहलापोटी मादीला पाण्याबाहेर काढून कोणालाही तपासायला लावू नये.

याचे कारण माझ्याच चुकीतून सांगतो. पहिल्या वेळी मादी आठव्या आठवड्यात असताना मला वाटले, की तिला स्वतंत्र, शांत टाकी द्यावी. माहेरी पाठवावी, तशा भावनेने मी चार फुटी टाकी तयार केली, जुन्या टाकीतले निम्मे पाणी तिच्यात भरले आणि मोठ्या प्लास्टिकच्या घमेल्यात मादीला घेऊन अलगद तिकडे सोडले. सगळे जपून केले होते. तिसऱ्या दिवशी पहाटे वाळूवर तीन पिल्ले पडलेली होती. प्रत्येकाच्या पोटाला सुपारीएवढी बलकाची पिशवी लोंबत होती आणि तिन्ही मृत होती. पकडले जाणे, पाण्याबाहेर उचलले जाणे, जागा बदलणे अशा ताणाने पाकट आणि शार्क अकाली गाभ टाकतात, ही गोष्ट जगभरच्या मच्छीमारांना आणि अभ्यासकांना सुपरिचित आहे. ती मला तेव्हा ठाऊक नव्हती. शिवाय नवी टाकी लहान होती आणि तिच्यातला फिल्टर पुरेसा मुरलेला नव्हता. तेव्हापासून माझा नियम एकच आहे: हलवायचेच असेल तर नराला हलवावे. गाभ राहिल्याची खात्री झाली की नर दुसऱ्या टाकीत जातो, किंवा तेवढी जागा नसेल तर मधोमध छिद्रांची जाड ॲक्रिलिक फळी बसवून टाकीचे दोन भाग करावेत. मादी जिथे आहे तिथेच, तिच्या ओळखीच्या कोपऱ्यात, राहिली पाहिजे.

पाण्याचा विचार आता सविस्तर करावा लागेल. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो: एक तुलनेने निरुपद्रवी आणि दुसरे विषारी. यांतले प्रमाण सामू, म्हणजे पीएच, ठरवतो. २८ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी १ टक्क्याहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग ६ टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ दहापट होतो. सांगली-मिरज परिसरात ज्यांच्या घरी बोअरचे पाणी आहे, त्यांना किटलीच्या तळाशी बसणारा पांढरा थर परिचित आहे. असे कठीण, अल्कधर्मी पाणी पाकटाला लगेच मारत नाही, पण चुकीला वाव ठेवत नाही. नळाला येणारे कृष्णेचे पाणी त्या मानाने बरे असते, मात्र पावसाळ्यात नदी गढूळ झाली की त्यात क्लोरीनचा वास वाढतो. त्यामुळे मी नळाचे पाणी वेगळ्या पिंपात चोवीस तास हवा सोडून ठेवतो, त्यात अँटीक्लोरीन टाकतो आणि तापमान जुळल्यावरच टाकीत सोडतो. मादी गाभण असताना दर तिसऱ्या दिवशी सुमारे एक तृतीयांश पाणी बदलतो. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट जमेल तितके कमी, पीएच साडेसहा ते सव्वासातच्या दरम्यान आणि मुख्य म्हणजे स्थिर, एवढेच लक्ष्य असते. पावसाळ्यात सांगलीकर जसा कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी असलेल्या पाण्याच्या पातळीचा आकडा दिवसातून चार वेळा विचारतो, तसा त्या तीन महिन्यांत मी नायट्रेटचा आकडा पाहत असतो. द्राक्षबागेमुळे ज्यांच्या घरी आधीच पीएच आणि ईसी, म्हणजे पाण्यातील क्षारांचा अंदाज देणारी विद्युतवाहकता, मोजण्याची यंत्रे आहेत, त्यांना हे काम अजिबात नवे नाही.

अमोनियाचे रूपांतर आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वसतात. नवीन फिल्टरमध्ये त्यांची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात आणि त्यांना सतत प्राणवायू लागतो. म्हणून वीज जाणे हा आपल्याकडचा मोठा धोका आहे, आणि तो केवळ माशाला हवा न मिळण्यापुरता मर्यादित नाही. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये काही तास पाणी साचून राहिले, की आतले जिवाणू गुदमरतात आणि वीज आल्याबरोबर तो कुजका अर्क थेट टाकीत येतो. उघड्या पेटीचा, म्हणजे सम्प पद्धतीचा, फिल्टर या बाबतीत उजवा ठरतो. इन्व्हर्टरवर सगळे चालवणे शक्य नसेल तर निदान हवेचा पंप तरी चालू ठेवावा, आणि डब्याचा फिल्टर बराच वेळ बंद राहिला असल्यास तो धुऊन मगच सुरू करावा. उन्हाळ्यात दुसरी अडचण येते. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २६ अंशाला एका लिटरमध्ये सुमारे ८ मिलिग्रॅम मावत असेल तर ३२ अंशाला जेमतेम सव्वासात मावतो, आणि पोटात पाच-सहा पिल्ले असलेल्या मादीची गरज मात्र वाढलेली असते. एप्रिल-मेमध्ये टाकीचे झाकण अर्धे उघडे ठेवून त्यावर पंखा लावला, तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंशांचा फरक पडतो. हिवाळ्यातील रात्रींसाठी हीटर लागतोच, पण त्याला जाळीदार आवरण हवे. पाकट गरम नळीला टेकून बसतो आणि पोट भाजेपर्यंत हलत नाही.

टाकीच्या मापाबाबत एवढेच सांगतो, की उंची कामाची नाही, रुंदी कामाची आहे. आमची टाकी ८ फूट लांब, ३ फूट रुंद आणि २ फूट उंच आहे. काठोकाठ भरली तर तिच्यात साडेतेराशे लिटर पाणी मावते, म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन साडेतेराशे किलो होते. सांगलीत यातून एक अवघड पेच उभा राहतो. तळमजल्यावर ठेवावी तर २०१९ चा महापूर आठवतो, आणि वरच्या मजल्यावर न्यावी तर स्लॅबचा हिशेब अभियंत्याकडून करून घ्यावा लागतो. आम्ही दुसरा मार्ग पत्करला आणि टाकी तुळईच्या वर, भिंतीला समांतर ठेवली. पुराचा मुद्दा केवळ आपल्या नुकसानीचा नाही, कारण हा मासा परक्या नदीत तग धरू शकतो. सिंगापूरच्या अप्पर सेलेटर जलाशयात कोणीतरी सोडलेल्या मोटोरो पाकटांची वस्ती तयार झाल्याची नोंद आहे. कृष्णेच्या घाटावर गुडघाभर पाण्यात उतरणाऱ्या माणसाच्या पायाखाली विषारी काट्याचा मासा येणे कोणालाच परवडणारे नाही. त्यामुळे पिल्ले जास्त झाली, म्हणून नदीत किंवा विहिरीत सोडण्याचा विचार मनातही आणू नये.

आहाराबाबत आपला भाग नशीबवान आहे, फक्त एक सापळा ओळखला पाहिजे. पाकटाला गांडुळे अतिशय प्रिय असतात आणि गाभण मादीसाठी त्यांच्यासारखे सोपे, पचणारे खाणे दुसरे नाही. परंतु द्राक्षबागेतली गांडुळे कदापि वापरू नयेत. तासगाव, मिरज, पलूस या पट्ट्यात बागांवर बोर्डो मिश्रणाची फवारणी होते. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, आणि मोरचूद म्हणजे तांबे. वर्षानुवर्षे हे तांबे मातीत साठत जाते व गांडुळे ती मातीच खातात. कूर्चेच्या माशांना तांबे फार कमी प्रमाणातही घातक ठरते. याच कारणाने माशांच्या आजारावरील तांबेयुक्त औषधे पाकटाच्या टाकीत चालत नाहीत. गांडूळ खताच्या वाफ्यातली लाल, बारीक गांडुळे सुरक्षित असली तरी डिवचल्यावर ती कडवट पिवळा द्राव सोडतात आणि अनेक पाकट ती तोंडात घेऊन थुंकतात. त्याच खत प्रकल्पांत आफ्रिकन जातीची जाड, जांभळट गांडुळेही असतात. ती मागून घ्यावीत, दोन दिवस ओल्या कागदात ठेवून पोट साफ होऊ द्यावे आणि मग घालावीत. याच्या जोडीला कोळंबी आणि चिलापीचे काटे काढलेले मांस द्यावे. रोहू-कटलाच्या कुळातल्या अनेक माशांत आणि काही कोळंबींत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे थायमिनेज नावाचे द्रव्य असते, जे गोठवल्यानेही जात नाही. म्हणून एकाच पदार्थावर मादीला महिनोन्‌महिने ठेवू नये. दिवसातून दोनदा, शेवटच्या महिन्यात तीनदा खाणे घालावे, ती सोडेल तिथे थांबावे आणि उरलेले अर्ध्या तासात काढून टाकावे. मादीच्या शेपटीच्या मुळापाशी दोन्ही बाजूंना कमरेचे टोक कातडीखाली उठून दिसू लागले, तर ती उपाशी आहे असे समजावे, मग पाठीवरचा उंचवटा कितीही भरदार असो.

व्यायची वेळ जवळ आली की बहुतेक माद्या एखादा दिवस खाणे सोडतात, काचेवर वरखाली फिरतात आणि शेपटीचा बुंधा उचलून धरतात. प्रसूती सहसा रात्री किंवा पहाटे होते. पिल्लू सुरळी केलेल्या पोळीसारखे गुंडाळलेले बाहेर येते आणि तळाला टेकण्यापूर्वीच उलगडते. तळहाताएवढे, आईच्याच ठिपक्यांचे, संपूर्ण तयार पाकट. जन्मतःच त्याच्या शेपटीवर काटा असतो, मात्र तो मऊ आवरणात असल्यामुळे आईला आतून इजा होत नाही. पहिलटकरणीला बहुधा एक ते चार पिल्ले होतात, तर मोठ्या, मुरलेल्या मादीला दहाच्या वरही होऊ शकतात. दुसऱ्या खेपेस आमच्याकडे पाच झाली, त्यांतली चार जगली.

पिल्लांना काढताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. जाळे वापरू नये, कारण काटा दोऱ्यांत अडकतो. रुंद प्लास्टिकच्या डब्याने पाण्यासकट उचलावे. आणि आईच्या शेपटीपासून हात दूर ठेवावा, कारण त्या रात्री ती बिथरलेली असते. काटा लागलाच, तर विषातली प्रथिने उष्णतेने निकामी होतात, म्हणून सोसेल इतक्या गरम, सुमारे ४५ अंशांपर्यंतच्या पाण्यात तो भाग बुडवल्यास वेदना कमी होतात. मात्र तुटलेला तुकडा आत राहू शकतो आणि जखम चिघळते, त्यामुळे त्यानंतर दवाखाना टाळू नये. पिल्लांच्या पोटाला बलकाची पिशवी शिल्लक असेल तर ती आत ओढली जाईपर्यंत खाणे घालू नये. त्यानंतर बारीक चिरलेली गांडुळे आणि गोठवलेल्या लाल अळ्या दिवसातून तीन-चारदा द्याव्यात. गटारीतून काढलेले ट्युबिफेक्स, म्हणजे दोऱ्यासारखे बारीक लाल किडे, स्वस्त मिळते, पण मी ते पिल्लांना देत नाही. मुख्य टाकीतच जाळीच्या तरंगत्या पेटीत पिल्ले ठेवली तर त्यांना आईच्याच पाण्यात, मुरलेल्या फिल्टरचा आधार मिळतो. तळाला चिकटणारे सकरमासे मात्र त्या टाकीत नसावेत. ते पाकटाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडून खातात.

पिल्ले झाली म्हणजे विक्रीचा विचार येतो, आणि तेथे कायदा येतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामात झालेल्या सायटीस, म्हणजे वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, परिषदेत लिओपोल्डी आणि हेन्लेई यांच्यासह ब्राझीलमधील सात जातींचा समावेश परिशिष्ट २ मध्ये झाला. मोटोरो कोलंबियाच्या विनंतीवरून परिशिष्ट ३ मध्ये आहे. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली असून सायटीसमधील जातींसाठी त्यात चौथी अनुसूची आहे. २०२४ च्या नियमांनुसार अशा जिवंत प्राण्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश या संकेतस्थळावर करावी लागते आणि नवीन जन्म, मृत्यू व हस्तांतरण यांचीही माहिती द्यावी लागते. आपल्या जातीचे नाव अनुसूचीत आधी पाहावे आणि पिल्लांच्या जन्माची तारीख वहीत लिहून ठेवावी. याच संदर्भात माझे एक मत नोंदवतो: मोटोरो आणि लिओपोल्डी यांचा संकर टाकीत सहज होतो आणि त्याला दामही चांगला मिळतो, तरी तो मला रुचत नाही. तिसऱ्या पिढीत आपल्या हातात नेमके काय आहे हे कोणालाच सांगता येत नाही, आणि नोंदणीच्या अर्जात जातीच्या रकान्यात काय लिहावे हाही प्रश्न उरतोच.

व्यालेल्या मादीकडे मात्र सगळ्या गडबडीत दुर्लक्ष होते. नर त्याच टाकीत असेल तर तो तिला काही तासांतच पुन्हा धरतो, आणि ती पुन्हा गाभण राहू शकते. गाय-म्हैस व्याल्यानंतर तिला लगेच वळूकडे किंवा रेड्याकडे कोणी नेत नाही. येथेही तोच शहाणपणा लागू पडतो. मी नराला किमान तीन महिने फळीच्या पलीकडे ठेवतो. पहिला आठवडा मादी कमी खाते, पाठ खोलगट दिसते, आणि कमरेची दोन्ही टोके बोटाने मोजता येतील इतकी उठून येतात. मग हळूहळू तिथे मांस धरू लागते. ती टोके पूर्ण बुजली, कडेवरचे जुने व्रण नाहीसे झाले आणि खाणे टाकायच्या वेळी ती पुन्हा काचेवर चढून यायला लागली, की एका रविवारी सकाळी, दिवसभर घरी असताना, मी फळी काढतो.